बंत, बंद आणि स्टेरिंगचा स्विच

गाडीचं इंजिन बिघडलं तर माणूस इंजिनाला शिव्या घालतो, ब्रेक लागेना झाला तर ब्रेकला घालतो. स्टेरिंगचं काही बिनसलं की मात्र तो गाडी चालवणाऱ्यावर घसरतो. बेळगावात खानापूर रोडला माझं गॅरेज. तिथं एखादं जोडपं गाडीतून उतरताना एकमेकांशी बोलत नसलं की मी ओळखायचो, स्टेरिंगचं काम आलं.

आता गॅरेज भाचा बघतो. मी सकाळी जाऊन दारात खुर्ची टाकून बसतो आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देतो. या अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या गाडीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, या अटीवर त्यांनी मला ही पानं दिली आहेत. तेव्हा त्यांची गाडी सोडून बाकीच्यांबद्दल लिहितो.

आमच्याकडं येणाऱ्या माणसाला गाडीचं दुखणं सांगता येत नाही. ‘गाडी जड झालीया’ एवढंच तो सांगतो. जड म्हणजे पिकअप नाही, की ब्रेक चिकटलाय, की टायरात हवा कमी आहे, की स्टेरिंग फिरवायला ताकद लागते, ते आपण ओळखायचं. निपाणीचे एक व्यापारी ‘गाडी रुसलीया’ म्हणायचे आणि पुढं काही विचारलं की स्वतःच रुसायचे. बोरगावच्या एका शेतकऱ्यानं तर कमालच केली. स्टेरिंगच्या डबीतलं तेल कमी झालंय असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्यानं स्वयंपाकघरातलं गोडं तेल आणून ओतलं. गाडी माझ्याकडं आली तेव्हा पंप तापून गॅरेजभर भज्यांचा वास सुटला होता. “तेल ते तेल, मेस्त्री,” तो म्हणाला, “मान्साला चालतंय, मग गाडीला का चालू नये?” पंप आणि नळ्या सगळ्या धुऊन काढाव्या लागल्या.

ज्यांना गाडीच्या पोटातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी उभ्या गाडीचं चाक वळवायचं म्हणजे मनगटात जोर लागायचा. मग पॉवर स्टेरिंग आलं. यात इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेल दाबानं पुढं ढकलतो आणि ते तेल चाकं वळवायला हातभार लावतं. हल्लीच्या गाड्यांत तेलाच्या जागी मोटर आली आहे, त्यामुळं माझी ही विद्या आता जुन्या गाड्यांपुरतीच उरली. तर गाडी पळत असताना पंपाचं काम हलकं असतं. पण गाडी जागेवर उभी आहे, इंजिन मंद चाललंय आणि तुम्ही स्टेरिंग टोकापर्यंत मुरडलंत, की पंपावर एकदम ओझं येतं. पंपाला फिरवतं इंजिनच, म्हणजे ते ओझं शेवटी इंजिनवर. मंद चाललेलं इंजिन त्यानं गुदमरून बंद पडू शकतं.

तसं होऊ नये म्हणून तेलाच्या नळीवर अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. त्याला प्रेशर स्विच म्हणतात. आमच्या बाजारात एक हमाल दुसऱ्याच्या पाठीवर पोतं ठेवण्याआधी ‘हां!’ म्हणतो. तो ‘हां’ ऐकला की खालचा पाय रोवतो, श्वास धरतो, आणि मग पोतं येतं. या स्विचचं काम एवढंच, की तेलाचा दाब वाढला की इंजिनच्या कॉम्प्युटरला ‘हां!’ म्हणायचं. कॉम्प्युटर इंजिनचा वेग किंचित वाढवतो, ओझं निभावून जातं आणि चालवणाऱ्याला त्यातलं काही कळतही नाही. स्विच मुका झाला की इंजिन बेसावध सापडतं.

या एवढ्याशा स्विचपायी आमच्या गॅरेजात जे रामायण झालं ते सांगण्याआधी बसाप्पाबद्दल सांगायला हवं. बसाप्पा आमचा वायरिंगचा माणूस, गोकाककडचा. लोखंड आणि तेल माझ्याकडं, करंट त्याच्याकडं, अशी आमची वाटणी. देह पैलवानाचा, पण बोटं अशी नाजूक, की डोळे मिटून वायरीवरून फिरवली तरी कुठं आतून तुटलीय ते सांगायचा. माझ्या बघण्यात त्याच्या तोडीचा वायरमन दुसरा आला नाही. वायर कापायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. कापलीच तर जोड असा द्यायचा की मालकालाही सापडू नये. गिऱ्हाइकाच्या सीटवर बसायचं तर चप्पल बाहेर काढून बसायचा. त्याचं मराठी माझ्या कन्नडइतकंच मोडकं, त्यामुळं इतक्या वर्षांत आमचं भांडण झालं नाही. भांडायला भाषा लागते.

बोनेटखाली काम करताना मात्र आमची एक वेगळीच बोली होती. एक जण मीटर धरून वायरीशी, दुसरा आत सीटवर. करंट आला की ‘बंत!’ म्हणायचं. बंत म्हणजे कन्नडात ‘आलं’. नाही आला तर ‘इल्ल!’, म्हणजे ‘नाही’. दोन्ही शब्द आखूड आणि लांबून ऐकू येणारे, म्हणून बसाप्पाचे हे शब्द सगळ्या गॅरेजनं उचलले. घरी नळाला पाणी आलं का असं बायकोनं विचारलं तरी माझ्या तोंडून ‘बंत’ निघायचं.

अशात एक दिवस सुजाता डॉक्टर आल्या. जनावरांच्या डॉक्टर, नेमणूक जांबोटीला. मूळच्या निपाणीच्या. आजी तंबाखूच्या वखारीत मजुरी करायची, वडील सरकारी बसवर ड्रायव्हर होऊन रिटायर झाले, आणि ही त्यांची एकुलती एक लेक. गाडी वडिलांनीच घेऊन दिलेली, चालवायला शिकवलेलीही त्यांनीच.

“गाडी बंद पडतीया, मेस्त्री,” त्या म्हणाल्या. “तीन गॅरेज झाली. तिघांनीबी एकच सांगितलं, मॅडम, तुमचा क्लच लवकर सुटतोय.”

“आणि घरी काय म्हणतात?”

“घरी आप्पांनी सोता चालवून बघितली. निपाणीभर फिरवली, एकदाबी बंद पडली न्हाय. त्येबी म्हणाले, पोरी, पायच चुकतोय तुझा.” हे सांगताना त्यांनी मान खाली घातली. तीन मेस्त्र्यांचं बोलणं त्यांनी झटकून टाकलं होतं, वडिलांचं लागलं होतं.

मी सहज विचारलं, “तुम्हाला काय वाटतंय?” बाकी कुणी ते विचारलं नव्हतं असं दिसलं, कारण त्या एकदम सरसावून बसल्या.

“मी मुद्दाम बघत गेले. चालत्या गाडीत कधी पडत न्हाय. गाडी उभी, गियर न्यूट्रल, पाय ब्रेकवर, आणि स्टेरिंग टोकाला नेलं की इंजिन खाली बसतंय. एसी चालू असला तर तगून जातंय. आता मला सांगा, न्यूट्रलला क्लचचा काय संबंध?”

उभ्या हयातीत मला इतकं नेमकं दुखणं सांगणारं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. एसी लावला की कॉम्प्युटर इंजिनचा वेग आधीच वाढवून ठेवतो, म्हणून तेव्हा निभत होतं. बाकीच्यांनी एसी लावून बघितली असणार आणि बाईमाणूस म्हणून पायावर ढकलून दिलं असणार.

“एवढं बारीक कसं बघितलंत?” मी विचारलं.

“माझं पेशंट बोलत न्हाईत, मेस्त्री. म्हशीला कुठं दुखतंय ते ती थोडंच सांगतीया? ती कवा उठती, कवा बसती, कशाला तोंड लावत न्हाय, हे बघतच बसावं लागतंय.”

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. आप्पांनी निक्षून सांगितलं होतं, पुन्हा रस्त्यात बंद पडली तर गाडी विकायची आणि निपाणीला बदली मागून घ्यायची. जांबोटीकडं बस कधीमधी येते. जंगलातल्या वाड्यांवर जायचं तर गाडी हवीच, ती गेली की नेमणूकही गेल्यातच जमा. “आणि मला तिथंच राह्यचंय,” त्या म्हणाल्या. “तिथली माणसं फोनवर आपलं नाव सांगत न्हाईत. म्हशीचं नाव सांगतात आणि म्हणतात, या.”

आम्ही गाडी घेतली. तपासायची रीत सोपी आहे. स्विचवरची वायर काढायची. मीटरचं एक टोक स्विचला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावायचं. गाडी चालू ठेवून आतल्या माणसानं स्टेरिंग टोकाला न्यायचं. दाब वाढला की स्विच आतून जुळतो आणि मीटर ‘बीप’ वाजतो. वाजला नाही तर स्विच मेला. खरं म्हणजे मीटर बसाप्पाचा, पण हा स्विच पंपाच्या खाली अशा अडचणीत होता की बसाप्पाचा खांदा तिथं शिरेना. म्हणून मी खाली आणि तो आत, अशी आमची उलटी वाटणी झाली. बाजूला कॉम्प्रेसर धडधडत होता. बसाप्पानं स्टेरिंग मुरडलं. इंजिन दबलं, मीटर गप्प. पुन्हा मुरडलं, पुन्हा गप्प.

तेवढ्यात भाच्यानं फोन आणून दिला. संकेश्वरजवळ हायवेवर एका गिऱ्हाइकाची गाडी पट्टा तुटून उभी होती आणि घरातलं म्हातारं माणूस आत होतं. त्या घाईत माझ्या तोंडून नेहमीचं ‘इल्ल’ निघायच्या जागी मराठी निघालं. “बंद हाय!” मी ओरडलो, “पुढचं बघून घे!” आणि निघालो.

परत आलो तोवर काम आटोपून डॉक्टर गाडी घेऊन गेल्या होत्या. “आयतु, अण्णा, सरी आयतु,” बसाप्पा म्हणाला. झालं, ठीक झालं. मी समजलो, नवा स्विच बसला.

पुढं काय झालं ते मला नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. जांबोटीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला चढ आणि दुसऱ्या बाजूला भातखाचर. समोरून बस आली. डॉक्टरांनी गाडी मागं घेतली, थांबवली, कडेला लावायला स्टेरिंग टोकापर्यंत मुरडलं आणि इंजिन बंद पडलं. इंजिन गेलं की पंप गेला, स्टेरिंग दगड होतं. दोनदा-तीनदा दाबल्यावर ब्रेकही घट्ट होतो. रस्ता उताराचा, गाडी मागं सरकायला लागली. हँडब्रेक ओढेस्तोवर मागचं चाक खाचराच्या बांधावर गेलं होतं. बसमधली माणसं उतरून धावली, चाकाखाली दगड लावले. आणि या बाईनं काय करावं? बॅग उचलली, चिखलातून वस्ती गाठली, हात घालून रेडकू फिरवलं आणि बाहेर काढलं. म्हैसही वाचली, रेडकूही वाचलं. मी असतो तर त्या बांधावरच बसून राहिलो असतो.

डॉक्टर घरी यातलं काही सांगणार नव्हत्या. पण बसचा ड्रायव्हर आप्पांच्या हाताखाली तयार झालेला. त्यानं निपाणीला फोन केला, तुमची पोरगी आज थोडक्यात वाचली म्हणून.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतः गाडी चालवत माझ्या दारात आले. पांढरा शर्ट, ताठ कणा, शेजारी डॉक्टर. त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. “मेस्त्री, ही गाडी इकायची हाय. गिऱ्हाईक बघा.”

“आप्पा, म्हस वाचलीया,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

“वाचली, लई चांगलं झालं. माझी पोरगी वाचायला पायजे का नको?” आप्पांचा आवाज कापला, आणि मला कळलं की हा माणूस रागावलेला नाही, घाबरलेला आहे.

मी बसाप्पाला हाक मारली. “बसाप्पा, नवा स्विच टाकलास न्हवं?”

“स्विच याक्री?” म्हणजे स्विच कशाला. बसाप्पा गोंधळला. “नीव बंत अंद्री!” म्हणजे, तुम्हीच ‘बंत’ म्हणालात.

“मी? मी कवा बंत म्हटलो? मी बंद म्हटलो!”

“हौद्री,” होय म्हणत बसाप्पानं मान डोलावली. “बंत अंद्री.”

“बंद!”

“बंत!”

आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांना तोच शब्द ऐकवत उभे होतो. डॉक्टरांना दोन्ही भाषा सारख्याच. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बसाप्पाकडं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा खळखळून हसल्या. “अण्णा, तुम्ही बंद म्हटलासा, त्येनी बंत ऐकलं. तुमच्या लेखी स्विच मेला आणि त्येंच्या लेखी जित्ता!”

कॉम्प्रेसरनं माझं ‘हाय’ खाल्लं होतं आणि ‘द’ बसाप्पाच्या कानात ‘त’ होऊन पडला होता. पुढचं त्यानं एकदम हिशोबशीर केलं होतं. स्विच चांगला आहे असं ऐकलं, म्हणून त्यानं वायर तपासली. वायरीचं टोक लोखंडाला टेकवलं तर इंजिनचा वेग आपोआप वाढला, म्हणजे वायर आणि कॉम्प्युटरही चांगले. मग उरला इंजिनचा घसा, जिथून ते हवा घेतं. तो त्यानं आरशासारखा स्वच्छ केला. नंतर आमच्याच गॅरेजात उभ्या गाडीचं स्टेरिंग फिरवून बघितलं आणि गाडी बंद पडली नाही. पडणार कशी? आमची जमीन तेल सांडून सांडून अशी गुळगुळीत झालेली की चाक नुसतं घसरतं, पंपावर ओझंच येत नाही. दुसरा कुणी असता तर तू नीट बोलला नाहीस म्हणून माझ्यावर उखडला असता. बसाप्पानं एवढंच विचारलं, “स्विच एल्लि सिगतैति?” कुठं मिळेल? आणि स्कूटरला किक मारली.

आप्पांना मात्र यातलं काही पटलं नव्हतं. “स्विचचं राहू द्या. माझ्या हातात गाडी पडत न्हाय, ती कशी?”

हे मलाही कोडंच होतं. बसाप्पा येईपर्यंत वेळ होता. मी म्हटलं, चला, चालवून दाखवा. गॅरेजमागच्या खडबडीत गल्लीत आम्ही गेलो. मी शेजारी, डॉक्टर मागं, एसी बंद. आप्पांनी गाडी पुढं घेतली, मागं घेतली, अरुंद जागेत वळवली. काय हात होता! पाण्यावरून होडी जावी तशी गाडी. इंजिन एकदाही दबलं नाही. मी त्यांच्या पायांकडं बघत होतो. मग हातांकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पा उभ्या गाडीचं स्टेरिंग फिरवतच नव्हते. चाक वीतभर तरी लोळू द्यायचं, म्हणजे गाडी जराशी सरकवायची, आणि मगच मुरडायचं. चाक लोळत असलं की ओझं कमी, पंप खूश, इंजिन खूश.

“आप्पा,” मी म्हटलं, “आता गाडी जागेवर थांबवून टोकापतोर फिरवा.”

“उभ्या गाडीचं स्टेरिंग फिरवायचं नसतंय, मेस्त्री.” जणू मी त्यांना काही अभद्र करायला सांगितलं होतं. “टायर खातंय, सांधं झिजत्यात. सगळी सर्व्हिस झाली, मी कवा फिरवलं न्हाय. हिलाबी तेच शिकवलंय.”

“आप्पा, जांबोटीच्या रस्त्यावर चाक लोळवायला जागा कुठं असती?” मागून डॉक्टर म्हणाल्या.

आप्पांनी गाडी थांबवली, न्यूट्रल केली आणि मनाविरुद्ध स्टेरिंग टोकाला नेलं. इंजिन दबलं, थरथरलं आणि बंद पडलं. त्यांनी पुन्हा चालू केली, पुन्हा मुरडलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. मला वाटलं आता काहीतरी कारण सांगतील, रस्ता खराब म्हणतील, पेट्रोलला नावं ठेवतील. मी भले भले ड्रायव्हर अशा वेळी चाचपडताना बघितलेत. आप्पांनी तसलं काही केलं नाही. मान मागं वळवून म्हणाले, “सुजा, तुझा पाय बरोबर हाय. माझंच बोलणं चुकलं.”

आरशात मला डॉक्टरांचे डोळे दिसले आणि मी उगाच काच खाली करून बाहेर बघायला लागलो.

“पर जी गाडी मला कळली न्हाय,” आप्पा पुढं म्हणाले, “ती मी तुझ्या हातात कशी देऊ?” म्हणजे पाय निर्दोष सुटला होता, नेमणूक अजून अडकलेलीच होती.

बसाप्पा जेवायचं सोडून स्विच घेऊन आला. बदलायचं काम फार मोठं नाही, पण धसमुसळेपणा चालत नाही. इंजिन बंद करून डबीचं झाकण उघडलं, खाली फडकं धरलं आणि जुना स्विच पान्यानं सैल केला. थोडं तेल हातावर ओघळतंच. स्विच बाहेर आला तर त्याच्या पाठीमागून तेल झिरपून वायरीच्या टोपणात शिरलेलं. आतून तो केव्हाच संपला होता. बसाप्पानं टोपण धुऊन, फुंकून, कापडानं टिपून कोरडं केलं, कारण हेच तेल वायरीतून चढत कॉम्प्युटरपर्यंत गेलं की दुखणं वाढतं. नव्या स्विचच्या रबरी रिंगला तेलाचं बोट लावलं आणि आटे आधी हातानंच बसवले. पान्यानं शेवटी जरासंच आवळायचं. जोर दाखवणाऱ्या मेस्त्र्यांनी इथं नळीचे आटे खाल्लेले मी पुष्कळ बघितलेत. मग योग्य ते तेल भरलं, पुढची चाकं जॅकवर उचलली आणि स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत राहिलो, आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. नळीत शिरलेली हवा फेस होऊन डबीत वर येते. फेस बसेपर्यंत फिरवत राहायचं.

आप्पा हे सगळं शेजारी उभं राहून बघत होते. मधेच वाकून त्यांनी विचारलं, “ह्यो एवढासा तुकडा? आमच्या टायमाला नव्हता.”

“तुमच्या टायमाला ह्याचं काम तुमचे हात करत हुते,” मी म्हटलं, आणि ते खरंच मनापासून म्हटलं.

मग मीटर लावला. या वेळीही बसाप्पा आत आणि मी खाली. मीटर वाजला आणि मी कॉम्प्रेसर बंद करायला लावून, मराठीत आणि कन्नडात, दोन्ही ओरडलो, “आला! बंत! आला!” बसाप्पा आतून म्हणाला, “केळतैति, अण्णा.” ऐकू येतंय. गॅरेजात सगळे पोट धरून हसले. भाच्यानं त्या दिवसापासून ‘बंत’ला बंदी घातली. आता तिथं ‘आला’ आणि ‘इल्ल’ म्हणतात, एक मराठी आणि एक कन्नड.

गाडी गल्लीत नेऊन थांबवली, मुरडली. इंजिन हलकेच वर उठलं आणि टिकून राहिलं. पण आप्पा एवढ्यावर ऐकणारे नव्हते. “जांबोटीला जाऊ. जिथं पडली तिथंच फिरवून बघायची. चालवायची हिनंच. मी पाठीमागं बसतो. पडली तर तिथनंच परत, आणि मग इकायची.” मलाही चला म्हणाले. मी पुढच्या सीटवर बसलो. डॉक्टरांनी दोन्ही हात पदराला पुसून स्टेरिंग धरलं. परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या त्या समोर बघत होत्या. आरशात मात्र एकदाही बघत नव्हत्या.

पिरनवाडी मागं पडली. मी पूर्ण लक्ष इंजिनाच्या आवाजाकडं लावलं होतं. डॉक्टर छान चालवत होत्या, हात मोकळा, घाई नाही, वळणाआधी गियर बदललेला. शिकवणारा कोण होता ते कळत होतं. जंगल सुरू झालं. जांबोटी ओलांडून ती खाचराकडची अरुंद वाट लागली. मधोमध गवत भरलेला एक ट्रॅक्टर उभा. डॉक्टरांनी गाडी मागं घेतली आणि थांबवली. बांधावर आदल्या दिवशीच्या चाकाचा ओरखडा दिसत होता. त्यांनी एक श्वास घेतला आणि चाक जराही न लोळवता स्टेरिंग पार टोकापर्यंत मुरडलं.

इंजिन किंचित वर उठलं, तसंच टिकलं. गाडी कडेला लागली, ट्रॅक्टर निघून गेला. त्यांनी पुन्हा थांबून उलट्या बाजूला मुरडलं. पुन्हा तेच, जागच्या जागी आणि गुपचूप. मला एवढा आनंद झाला की स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि ‘बघितलंसा का आप्पा!’ म्हणायला मागं वळलो.

आप्पांची मान मागं टेकलेली होती, तोंड उघडं होतं आणि ते गाढ झोपले होते. दुसरा कुणी चालवत असला की ड्रायव्हर माणूस गाडीत झोपत नाही, आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. तो बसतो, पण डोळे रस्त्यावर असतात आणि चालवणारा बावरला की त्याचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबतो. मी त्यांना उठवायला हात पुढं केला.

डॉक्टरांनी माझा हात धरला. आता त्या आरशात बघत होत्या आणि डोळे भरून आले होते.

“उठवू नका, अण्णा,” त्या म्हणाल्या. “दुसरं कुणी गाडी चालवत असताना आप्पांचा डोळा लागलेला मी जन्मात बघितला न्हवता.”

आणि त्यांनी गाडी गियरमध्ये टाकली, आवाज न करता.